पाच डिग्रीची चोरी

१

मंगळवारी सकाळी रायपूरकडच्या रुआबांध्यातल्या संतोषी निवासात पाच डिग्रीची चोरी उघडकीला आली. चोर म्हणून नाव निघालं ते हिराबाईंच्या सुनेचं, आणि तेही हिराबाईंच्याच बैठकीत, त्यांनीच केलेला चहा पिता पिता.

चहा पिणारा होता अभिनव. रायपूरच्या एका संस्थेचा इंजिनिअर, वय असेल अठ्ठावीस, घरी मराठी पण तोंडात हिंदी. कमी विजेत घर थंड कसं राहतं हे लोकांना दाखवायला त्याच्या संस्थेनं जानेवारीत ही जुनी तीन मजली इमारत घेतली होती. जुने पंखे काढून कमी वीज खाणारे लावले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, आणि फेब्रुवारीअखेर गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप चढवला. गच्चीखाली घरं दोनच. पूर्वेला हिराबाई, पश्चिमेला शेषराव. दोन्ही घरांत काड्यापेटीएवढी एकेक डब्बी टांगली होती. ती खोलीची गरमी मोजायची, आकडा काचेवर दाखवायची आणि पोटात साठवूनही ठेवायची. कामावर देखरेख करायला संस्थेनं इमारतीतलीच एक शिकलेली बाई नेमली होती. मोनाली, हिराबाईंची सून.

अभिनवनं त्या सकाळी दोन्ही डब्ब्यांचं पोट लॅपटॉपवर उघडलं. मार्चमध्ये दोन्ही घरं सारखी थंड. एप्रिलपासून फाटा फुटलेला. काल दुपारी चारला बाहेर चव्वेचाळीस, हिराबाईंकडे पस्तीस आणि शेषरावांकडे चाळीस. छत एक, लेप एक, खिडक्या एकाच मापाच्या.

त्यानं सगळ्यांना गच्चीवर नेलं. हिराबाई गुडघ्यांना शिव्या घालत चढल्या, चष्मा खालीच राहिला. दोन्ही बाजू पांढऱ्या दिसत होत्या. पश्चिमेची जरा मळकट होती, पण तिकडून रस्त्याची धूळ येते, असं अभिनव म्हणाला. कठड्यावर आणि जिन्याच्या टोपीवर लाल रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. हिराबाईंना नुसते लाल फराटे दिसले. त्यांनी विचारलं, तशी मोनाली म्हणाली की ते सर्वेचे शेरे आहेत. आपल्या बाजूचा भाग नमुन्याचा, शेषरावकाकांचा निवडलेला, आणि जिन्याच्या डोक्यावरचा सोडलेला.

खाली आल्यावर अभिनवनं कप टेबलावर ठेवला आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. जानेवारीतला. त्यात डब्बी दाराशेजारच्या खिळ्यावर होती. आता ती खिडकीपाशी होती, म्हणजे आकडा पाच डिग्रीनं कमी दिसावा म्हणून कोणीतरी ती हलवली असणार, असा त्याचा हिशेब होता.

"मोनालीदीदी, डब्बीला हात लावायची परवानगी फक्त तुम्हाला होती," तो म्हणाला. "आता मला लिहावं लागेल."

शुक्रवारी रायपूरचे मोठे साहेब येणार होते. ओळीतल्या आणखी सहा इमारतींची माणसंही बघायला येणार होती. आकडे खोटे ठरले तर काम इथंच थांबणार आणि मोनालीची नोकरी त्याच दिवशी जाणार.

मोनालीनं खिळ्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. मग पुन्हा खिळ्याकडे.

डब्बी हलवली होती ती हिराबाईंनी. एप्रिलमध्ये, यजमानांच्या तिथीला, हार घातलेला फोटो टांगायला तोच खिळा हवा होता म्हणून. आणि हे सांगायला तोंड उघडायचं सोडून त्यांनी कप गोळा केले आणि मोरीत नेले.

२

का नाही सांगितलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही असं नाही. दुपारभर विचारलं. पण ज्या बाईनं रेल्वेच्या क्वार्टरात चार दीर-नणंदांची लग्नं लावली, जिच्या पुढ्यात स्टेशनमास्तरसुद्धा आवाज उतरवून बोलायचा, तिनं काल मिसरूड फुटलेल्या पोरापुढं माझं चुकलं म्हणायचं?

मोनालीवर त्यांचं प्रेम होतं असंही कोणी म्हणालं नसतं. मुलगा विष्णु मालगाडी चालवायचा, महिन्यातले वीस दिवस डोंगरगढ नाहीतर गोंदियाकडे. घरात या दोघीच. नऊ वर्षं दोघी एकमेकींच्या भाजीत मीठ कमी काढत आल्या होत्या. संस्थेनं गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं तेव्हा हिराबाई म्हणाल्या होत्या की आमच्याकडे अशी घंटी गाईच्या गळ्यात बांधतात. मोनाली हसली होती. पण रोज संध्याकाळी ती ते कार्ड पुसून देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवायची. त्यावर तिचं नाव होतं. विष्णुची बायको नव्हे, हिराबाईंची सून नव्हे, नुसतं तिचं.

दुपारी मोनाली खालच्या मजल्यावर मीटरचे आकडे घ्यायला गेली, तशा हिराबाई उठल्या. यजमानांचा फोटो काढून खाटेवर ठेवला आणि डब्बी जुन्या खिळ्यावर टांगली. शाळा त्यांची दुसरीपर्यंतच झाली होती, पण आकड्यात त्या पक्क्या होत्या. इंजिनांचे नंबर वाचून शिकल्या होत्या. पाऊण तास त्या समोर बसून राहिल्या. पस्तीस. मग डब्बी खिडकीपाशी नेली. पस्तीस. मग आतल्या खोलीत. तिथंही पस्तीस. चार वाजेपर्यंत त्यांनी ती घरभर फिरवली, आणि डब्बी एका आकड्याच्या वर सरकली नाही. कूलर महिनाभर बंद होता. मीटर दिवसाला आठ युनिट पळायचं, ते पाचावर आलं होतं. हे तर कोणी खिळ्यावरून हलवलेलं नव्हतं.

म्हणजे डब्बी खरं बोलत होती. खिळा कुठलाही असो.

संध्याकाळी कणीक मळणाऱ्या सुनेला त्यांनी आडून विचारून पाहिलं.

"कोणं हलवली असन वं डब्बी?"

"हलली असन, आई," मोनाली परातीतून मान वर न करता म्हणाली.

"डब्बीले पाय असते का?"

मोनालीनं कणकेचा गोळा उलटा करून पुन्हा तिंबला. तिचे डोळे सुजलेले होते. हिराबाई पाट ओढून बसल्या आणि बराच वेळ पोळीच्या वाफेकडे पाहत राहिल्या. मंगळवार गेला. हाती दोनच दिवस. गुडघे दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि त्यात एक गोष्ट खिळ्यासारखी टोचत होती. सगळे एकच विचारत होते की हिराबाईंचं घर थंड कसं. ते तर थंड व्हायलाच पाहिजे होतं, त्यासाठीच एवढा खटाटोप केला.

विचारायचं होतं ते उलटं. शेषरावांचं घर गरम कसं?

३

शेषराव एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते, आणि रिटायर झाल्यावर इमारतीचे गार्ड झाले होते. कोण किती वाजता आलं-गेलं हे त्यांना तोंडपाठ. बुधवारी सकाळी ते बनियनवर, आपल्या जुन्या घरघरणाऱ्या पंख्याखाली बसले होते. नवा पंखा त्यांनी खोक्यातच ठेवला होता. त्याला ते खेळणं म्हणत.

"हिराबाई, तुमची सून फसली म्हणते," त्यांनी बसा म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"माह्या सुनेचं मी पाह्यन. तुमची डब्बी कोठी हाये?"

डब्बी होती तिथंच होती, जानेवारीच्या खिळ्यावर. शेषराव म्हणाले की आपण तिला बोट लावलेलं नाही, सील मारलेल्या डब्यासारखी ती जशीच्या तशी आहे. उलट त्यांनी रोज आठ, बारा, चार आणि पुन्हा आठ वाजता तिचा आकडा वहीत उतरवून ठेवला होता. गार्डाची सवय. हिराबाईंनी वही मागितली, चष्मा नाकावर चढवला आणि एप्रिलची पानं एकेक करून उलटली.

पहिला संशय त्यांना जुन्या पंख्याचा होता, तो त्यांनीच मोडीत काढला. पंखा वारा हलवतो, खोली तापवत नाही. दुसरा संशय शेषरावांच्या सुनेवर, रोशनीवर होता. ती सकाळी वीस डबे करते, दोन शेगड्या भडकत असतात. पण वहीत बाराला छत्तीस होते, चारला चाळीस, आणि रात्री आठलाही अडतीस. शेगड्या तर अकरालाच बंद होत. चुलीची गरमी असती तर सकाळी चढली असती आणि दुपारी उतरली असती. ही ऊन चढल्यावर चढत होती आणि ऊन गेल्यावरही जात नव्हती.

म्हणजे गरमी स्वयंपाकघरातून येत नव्हती. वरून येत होती.

रोशनी दारातून ऐकत होती. डबे धुता धुता तिनं एकदाचं बोलून घेतलं. आम्ही काय कुणाचं वाईट केलं, ती म्हणाली. एकाच गच्चीवर तुमच्याकडं सगळं सरळ होतं, आमच्याकडं उलटं. होळीच्या आधी मी पाच किलो हळद उकडून वाळत टाकली होती, आमच्याच बाजूला. त्या हळदीचं काय झालं ते तरी पाहा.

"काय झालं?"

"कोणंतरी करणी केली, काकू. मी तवाच म्हटलं होतं. बाबूजी म्हणे, चूप बस."

ती आत गेली आणि फळीवरचा पत्र्याचा डबा घेऊन आली. मसाल्यात घालायची हिंमत झाली नाही, टाकायचीही झाली नाही, म्हणून ठेवून दिली होती. तिनं झाकण काढलं.

आतल्या हळकुंडांवर कुंकवासारखे लाल डाग होते.

४

हिराबाईंनी एक हळकुंड नाकाशी नेलं, नखानं खरवडलं आणि पदराला बांधलं. रोशनीला त्या एवढंच म्हणाल्या की करणी करणाऱ्याला दुसरे धंदे आहेत, तुझ्या हळदीत त्याचा जीव अडकलेला नाही.

ऊन कललं तशा त्या एकट्याच गच्चीवर गेल्या. या खेपेला चष्मा गळ्यात होता, पण त्यांनी डोळ्यांआधी हात वापरला. आपल्या बाजूला बसून लेपावर तळवा घासला. गुळगुळीत, रबरासारखा चिवट. तळवा कोरडा, स्वच्छ. मग शेषरावांच्या बाजूला गेल्या आणि तिथंही घासला.

तळवा पांढरा झाला. पोपडे निघत होते, पायाखाली भुकटी कुरकुरत होती, आणि तिच्यात महिन्याभराची धूळ मिसळलेली.

हिराबाई पन्नास वर्षं तंबाखू खात होत्या. ही भुकटी त्यांनी बोटांत चोळली तेव्हा बोटांनाच आधी कळलं. कठड्याच्या सांदीत लेपाचा एक जाड गोळा वाळून बसला होता. तो त्यांनी फोडला, आतला भाग तळव्यावर घेतला, टाकीच्या नळाचे दोन थेंब टाकले आणि घरून पुडीत आणलेली हळद त्यावर भुरभुरली. देवळातल्या कुंकवासारखा लाल रंग तळव्यावर उतरला.

शेषरावांच्या डोक्यावर ऊन परतवणारा लेप नव्हताच. तिथं साधा चुना होता, भिंतीला मारतात तो. पहिला महिना त्यानं काम केलं. मग तो उडाला, मळला, आणि घर तापायला लागलं. आठ बादल्या लेप आला होता. चार पूर्वेला लागल्या. उरलेल्या चार कुठं गेल्या?

हे शोधून सून सुटेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती जास्तच अडकली. आठही बादल्या लागल्याच्या कागदावर सही मोनालीची होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, आणि या खेपेला आडून नाही. लेपाच्या दुसऱ्या दिवसाचं, शेषरावांच्या बाजूचं काम तू डोळ्यानं पाहिलं होतंस का? मोनालीनं घास खाली ठेवला. पहिल्या दिवशी ती गच्चीवर होती. दुसऱ्या दिवशी नव्हती.

"कोठी होती मंग?"

"तुमच्यासंग, आई. त्याच दिवशी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

घरी आल्यावर डोळ्यांत थेंब घालायच्या गडबडीत तिनं लेप चढवणाऱ्या धोंडबा पेंटरला फोनवरच विचारलं होतं, झालं का. तो म्हणाला झालं, उरलंय त्याचं काय करू. बादलीच्या बुडाशी राहिलेलं असेल समजून ती म्हणाली, उरलंसुरलं घेऊन जा. आणि सही केली.

हिराबाईंना जेवण गेलं नाही. डब्बी त्यांच्यामुळं हलली होती, सहीही त्यांच्यामुळंच आंधळी झाली होती.

५

धोंडबा हिराबाईंच्या यजमानांचा जुना सोबती. रेल्वेत पेंटर होता, खांबांवर आकडे घालायचा. रिटायर झाल्यावर मिळेल ते काम करायचा. मरोद्याला राहायचा, पत्र्याच्या दोन खोल्यांत. अशा माणसानं चोरी करावी हे हिराबाईंच्या गळी उतरत नव्हतं. पण गुरुवारी दुपारी ऑटोतून उतरल्यावर त्यांना त्याचं घर विचारावं लागलं नाही. मातकट पत्र्यांच्या रांगेत एकच छत असं पांढरं चमकत होतं की डोळ्यांपुढं हात धरावा लागला.

आत झोळीत धोंडबाच्या मुलीचं, ममताचं, दोन महिन्यांचं बाळ झोपलं होतं. भर दुपारी, पत्र्याखाली, पंखा मंद ठेवून, आणि ते रडत नव्हतं. ममतानं पाणी दिलं आणि ती शेजारी निघून गेली. तिला बहुधा कळलं होतं.

हिराबाईंनी पिशवीतून डब्बी काढली आणि झोळीच्या दोरीला अडकवली. दोघं म्हातारी समोरासमोर बसून तो आकडा थांबायची वाट बघत राहिली. बाहेर चव्वेचाळीस. आत अडतीसावर थांबला.

"झाकण न उघडलेल्या बादलीले उरलंसुरलं म्हणत नाई, धोंडबा."

धोंडबा हातातल्या गमछ्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "थे खरं हाये, वहिनी. मले ठाऊक होतं. इचारलं तवा घेऊन जा म्हटलं त्यायनं, आन् मी दुसऱ्यांदा इचारलं नाई. पोर होणार होती ममताले. एवढं माह्यं चुकलं."

"आन् शेषरावच्या बाजूनं चुना मारला, थे नाई चुकलं?"

यावर मात्र धोंडबानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर चोराची लाज नव्हती, जुन्या कामगाराचा राग होता. रेल्वेत चाळीस वर्षं आपण एकच शिकलो, तो म्हणाला. लिहिलेलं असेल तसं करायचं, वर तोंड करून विचारायचं नाही. शेषरावांच्या बाजूला एवढं चांगलं औषध सोडून चुना का, हे त्यालाही कळलं नव्हतं. दोन तऱ्हा लावून पारख करायची असेल, असं वाटलं. बाजारातून चुना त्यानं स्वतः आणला, डिंक घालून भिजवला आणि मन लावून दोन हात मारले.

"कोणं सांगतलं तुले चुना माराले?"

"कोणं सांगाले कायले पायजे? लाल रंगानं लिवून हाये गच्चीवर. तीन जागी. तुमीच वाचा ना, वहिनी."

६

शुक्रवारी सकाळी आठलाच गच्ची भरली. रायपूरचे मोठे साहेब, सहा इमारतींची माणसं, शेषराव, रोशनी, आणि मागं कठड्याला टेकून धोंडबा. मोनालीच्या गळ्यात कार्ड नव्हतं. ते तिनं पाकिटात घालून हातात धरलं होतं, परत द्यायला.

अभिनवनं आपला कागद काढला, पण हिराबाईंनी चष्मा लावला आणि त्याला हातानं थांबवलं. आधी त्यांनी मोठ्या साहेबांना दोन्ही बाजूंवर तळवा घासायला लावला. साहेब आपल्या पांढऱ्या झालेल्या हाताकडे पाहत राहिले. मग रोशनीची हळद दाखवली. मग चार बादल्या मरोद्याला कुठं आहेत ते धोंडबानं स्वतः सांगितलं, उभ्यानं, खाली मान घालून. अभिनव तिथंच त्याच्यावर उखडणार होता.

"थांब जरा," हिराबाई म्हणाल्या. "थे लाल अक्षर तूच काढलं ना?"

"हो, आजी. सर्वेच्या वेळी मीच."

"मंग वाच. पह्यले माह्या बाजूचं."

"नमूना."

"जिन्यावरचं?"

"छोड़ा. म्हणजे हा भाग सोडला."

"आन् शेषरावकडचं?"

"चुना," अभिनव म्हणाला. "मतलब, निवडला. ये हिस्सा भी चुना."

हिराबाई शेषरावांकडे वळल्या. "तुमी वाचा. रेल्वेत मराठीतून अर्ज करत होते, आठवते ना."

शेषरावांनी कठड्याजवळ जाऊन डोळे बारीक केले. अभिनवच्या तोंडून जो च निघाला होता तो चहातला होता. शेषरावांच्या तोंडून निघाला तो चुलीतला.

"चुना," ते म्हणाले. आणि आपण काय वाचलं ते कानांवर पडल्यावर त्यांनी पायाखालच्या भुकटीकडे पाहिलं.

गच्चीवर कोणीतरी खुदकन हसलं, मग कोणीच हसलं नाही. अभिनव पुटपुटला की वो चूना तो बड़े ऊ का होता है.

"तुह्या हिंदीत असन मोठा," हिराबाई म्हणाल्या. "आमच्या मराठीत लहानच असते, बाप्पा. मी दुसरी शिकली, मले एवढंच वाचता येते. धोंडबा तिसरी शिकला, त्यालेही एवढंच येते. नमुना लिवलं तिथं त्यानं नमुन्याचा माल लावला. छोडा लिवलं थे सोडलं. चुना लिवलं तिथं चुना मारला. तुमी शिकलेल्या लोकायनं तीन महिने थो शब्द पाह्यला, आन् एकालाही दिसला नाई."

अभिनवचे कान लाल झाले होते. तो त्या अक्षरांपाशी गेला आणि त्यानं लाल उकारावरून बोट फिरवलं. मग मोठ्या साहेबांना म्हणाला की सर, ये मेरी गलती है, अहवालात माझं नाव लिहितो. हिराबाईंनी डब्बी काढून तिच्या पोटातला मरोद्याच्या खोलीचा आकडा त्याला बघायला लावला. लेप खोटा नव्हता, पत्र्याखालीसुद्धा सहा डिग्री खाली आणत होता. साहेबांनी ते लिहून घेतलं. चार नव्या बादल्या येतील म्हणाले, आणि धोंडबाचं छत राहू द्या, तेही आपल्या यादीत तिसरं घर म्हणून धरू. ही बाजू खरवडून पुन्हा लेप कोण चढवणार, असं त्यांनी विचारलं. धोंडबानं मागून हात वर केला.

सगळं मिटलं असं वाटत असताना अभिनवनं, तो पोरगा तसा वाईट नव्हता पण नेटका होता, आपल्या कागदावरची शेवटची ओळ वाचली. फरकाचं कारण मिळालं. पण पूर्वेच्या घरातली डब्बी जागेवरून हलवली गेली, हे राहतंच. परवानगी फक्त मोनालीदीदींना होती. हे लिहावंच लागेल.

मोनालीनं हातातलं पाकीट पुढं केलं.

हिराबाईंना दिसत होतं की आता नुसतं गप्प राहिलं तरी चालणार आहे. नोकरी कदाचित जाणारही नाही, एक शेरा लागेल एवढंच. सहा इमारतींच्या बाया त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. रुआबांध्यात आजचा दिवस त्यांचा होता.

"म्या हलवली," त्या म्हणाल्या. "यजमानाचा फोटो टांगाले. सूनले इचारलं नाई, मंग सांगतलंही नाई. चार दिवस तिले तुमी चोर म्हणून राह्यले होते आन् मी आयकून राह्यली होती. लिव. हिरा म्हणून लिव, नाव लहान हाये, चुकणार नाई."

अभिनवनं लिहिलं. मोनालीच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं.

माणसं गेली, ऊन चढलं, हिराबाई एकेका पायरीवर थांबत खाली आल्या आणि खाटेवर बसल्या. यजमानांचा फोटो अजून खाटेवरच होता. चार दिवस त्याला खिळा नव्हता.

मोनाली स्टूल आणि हातोडी घेऊन आली.

"आई, मले मंगळवारीच समजलं होतं," ती स्टूलवर चढता चढता म्हणाली. "डब्बीच्या जागी बाबांचा फोटो होता. घरात दोघीच, आन् फोटो काई मी नाई टांगला."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुमी बोलसान म्हणून."

हिराबाईंनी खिळा तिच्या हातात दिला. जुन्या खिळ्याच्या वर, हातभर उंचावर, तिनं दुसरा ठोकला. तिसऱ्या घावाला पलीकडून शेषरावांनी भिंतीवर थाप मारून दुपारच्या झोपेची आठवण करून दिली. वर फोटो टांगला, खाली डब्बी. कार्ड देव्हाऱ्याच्या खिळ्याला गेलं.

"चार दिवस तुह्या भाजीत मीठ बराबर होतं," हिराबाई आडव्या होत म्हणाल्या. "थेही सांगाचं राह्यलं."

मोनाली हातोडी ठेवायला आत गेली. डब्बीच्या काचेवर पस्तीस होते.